काचेआड आणि लाकडाआड

दिवाणखान्यातील कपाट हे घरचे समीक्षकच असते. काय काचेआड मांडायचे आणि काय लाकडाआड लपवायचे, याचा निवाडा ते निमूटपणे करते. ग्रंथ व सन्मानचिन्हे काचेआड. इस्त्री, औषधे आणि जुने व्हिडिओ गेम लाकडाआड. आमच्या घरी नवे कपाट करावयाचे ठरले, तेव्हा १९९० च्या दशकातील तीन यंत्रे व खोकाभर कॅसेटी कोठे ठेवाव्यात, हा प्रश्न उभा राहिला. माळा मोकळा होता. पण माळ्यावर गेलेली वस्तू सहसा खाली येत नाही.

लपवण्याची ही ओढ केवळ आमची नव्हे. या यंत्रांच्या घडणीतही ती दिसते. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारीच्या यंत्रावर दर्शनी बाजूस लाकडाचा आभास देणारी पट्टी होती. जणू तेही फर्निचरच. १९८३ मध्ये तेथील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्याच वर्षी जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला. त्यात कॅसेट वरून, उघडपणे खोचली जाई. १९८५ मध्ये तो अमेरिकेत गेला तो व्हिडिओ रेकॉर्डरचे सोंग घेऊन: करडे खोके, पुढे झाकण, कॅसेट आत सारून खाली दाबायची. या सोंगापायी आतील पिना कालांतराने सैल पडत आणि खेळ सुरू होईना. १९९३ च्या आवृत्तीत कॅसेट पुन्हा वरून खोचण्याची सोय झाली. लपवणुकीचा अतिरेक वापराच्या मुळावर येतो, तो असा.

आमची यंत्रे फॅमिकॉमच्या नकला. त्यांनाही डोक्यावर मोकळी जागा हवी. म्हणून सुताराकडून चॅनेलवर पुढे सरकणारी फळी करवून घेतली आणि मागील प्लायला वायरी व हवा यांसाठी भोके पाडली. झडपेआडच्या अंधाराचा लाभही आहे: उन्हाने जुने प्लास्टिक पिवळे पडते. मात्र पावसाळ्यात बंद खणात ओल धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. कॅसेटी पुस्तकांप्रमाणे उभ्या लावून प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली. कारण ‘९९९ खेळ’ असे छापलेल्या कॅसेटीत खरे खेळ मोजकेच, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती.

एवढी नीटस व्यवस्था झाल्यावर मनात एक शंका उरली. अभ्यासक्रम हेही एक कपाटच. त्यात काय दिसावे, यावर आम्ही वर्गात तावातावाने बोलतो. मग घरी आलेल्या विद्यार्थ्यास आमचे वाचन दिसावे आणि खेळणे दिसू नये, असे आम्हांस का वाटावे? थोरल्या बंधूंशी आमची खरी मैत्री या खेळांच्या निमित्ताने जुळली. ते आता परदेशी असतात. वर्षाकाठी एकदा येतात. त्या सायंकाळी गप्पा आधी अडखळतात. खेळ सुरू झाला की मग ओघ लागतो.

अखेर यंत्रे लाकडाआडच राहिली. दोन्ही कंट्रोलर मात्र आम्ही काचेआड, काव्यसंग्रहांच्या शेजारी ठेवले आहेत. एकच ठेवला असता, तर ती केवळ जुनी वस्तू दिसली असती. दोन पाहिले की येणारा विचारतो, “अजून चालते का?” आम्ही फळी पुढे ओढतो आणि दुसरा कंट्रोलर त्याच्या हाती देतो.