कथेला जे जे लागतं

जव्हार, मोखाडा, डहाणू, सुरगाणा आणि पलीकडचा, गुजरातमधला डांग. या पट्ट्यातल्या वारली आणि कोकणा लोकांच्या कथा पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी आल्या. कथेसोबत काय काय सुटत चाललं आहे, त्याची ही नोंद.

थाळ. काशाची थाळी. मधोमध मेण, मेणात उभी रोवलेली काडी. सांगणारा काडीवरून बोटं खाली ओढतो, थाळी घुमू लागते आणि त्या घुमण्यावर कथा चालते. वाजवणारा आणि सांगणारा एकच. हात शिकले नाहीत तर कथाही येत नाही.

घांगळी. बांबूची दांडी, भोपळे, तारा. कणसरी ही धान्याची देवी. तिच्या पूजेत भगत घांगळी वाजवत तिची कथा गातो. वाजवणारे म्हातारे झाले. घांगळी बनवणारे तर त्याहून कमी.

धवलेरी. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहितात सवासिणी. लग्न लावते धवलेरी, तेही गाऊन. भिंतीवरच्या या कलेतल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्र जगभर पोचलं. चित्राला गिऱ्हाईक आहे, म्हणून ते शिकायला मुलं बसतात. धवलेरीच्या गाण्याला बाजार नाही. तिच्याशेजारी शिकायला बसलेली पोर शोधावी लागते.

रात्र. भात झोडून झालं की रात्री मोकळ्या होतात, कथा तेव्हाच्या. पण दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडी परततात. आजी पाड्यावर, आईबाप भट्टीवर, नातवंडं आश्रमशाळेत. ऐन कथेच्या दिवसांत घर तीन ठिकाणी विखुरलेलं असतं.

बोली. ज्या मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात हसतात, ते घरी कथा ऐकेल, पण चारचौघांत सांगायला धजणार नाही. त्याला कथा येत नाही, असा समज मग आपण करून घेतो.

हुंकार. सांगणाऱ्याला समोरून कुणीतरी 'हूं' म्हणावं लागतं. त्यावरून त्याला कळतं, कुठे रेंगाळायचं, कुठे पुढे जायचं. ध्वनिमुद्रणं झाली, डाह्याभाई वाढू यांनी कोकणा कथा लिहूनही घेतल्या. हे मोलाचं काम आहे, ते व्हायलाच हवं. पण नोंदवलेली कथा पुन्हा कुणाच्या तोंडी बसली नाही, तर ती कपाटातच राहते.

हे सगळं अटळ नाही. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. त्यांना २०२१ची पद्मश्री मिळाली. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की त्यांच्या घरातली पुढची पिढी प्रयोग करते.

मग आश्रमशाळांत हे का होऊ नये? मुलं तिथेच आहेत, रात्रीही तिथेच आहेत. मार्गशीर्ष-पौषात पाड्यावरच्या सांगणाऱ्यांना मानाने बोलवा, रीतसर मानधन द्या. कथा त्यांच्या बोलीत होऊ द्या, रात्रभर चालली तर चालू द्या. आणि पुढच्या वर्षी तीच कथा मुलांनी सांगायची, म्हाताऱ्यांनी हुंकार द्यायचा.