हरणं कुठं जातील?

एक माणूस झऱ्याशी बसून पाणी भरतो आहे. ओगराळं बुडवायचं, कॅनमध्ये ओतायचं, पुन्हा बुडवायचं. र्‍युसुके हामागुचीच्या 'इव्हिल डझ नॉट एक्झिस्ट' या जपानी चित्रपटातलं हे दृश्य इतकं निवांत चालतं, की शहरातला प्रेक्षक चुळबुळ करू लागेल. महाराष्ट्राच्या टोकाला अक्कलकुव्याच्या वर, मोलगीच्या बाजूला पाड्यांवर ज्यानं उन्हाळा काढला आहे, तो मात्र करणार नाही. तिथं नाल्याच्या वाळूत हातानं झिरा उकरतात, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकतात आणि खालून निवळ पाणी पाझरेपर्यंत बसून राहतात. मग वाटीवाटीनं हंडा भरतो. ते बसणं हाही पाणी भरण्याचाच भाग असतो.

चित्रपटातला ताकुमी डोंगरातल्या एका छोट्या गावात राहतो. लाकडं फोडतो, गावातल्या नूडल्सच्या दुकानासाठी झऱ्याचं पाणी नेतो, आपल्या लहानग्या मुलीला, हानाला, चालता चालता झाडांची नावं सांगतो. या गावात टोकियोची एक कंपनी शहरी हौशी लोकांसाठी ऐषारामी तंबूंची वसाहत काढायचं ठरवते. तिची दोन माणसं गावकऱ्यांपुढं योजना मांडायला येतात. ही सभा म्हणजे चित्रपटाचं काळीज आहे. आरडाओरडा फारसा होत नाही. गावकरी फक्त विचारतात: सांडपाण्याची टाकी नेमकी कुठं बसवणार? ती इतकी लहान का? रात्री राखणीला कोण असेल? गावातला एक वडीलधारा माणूस शांतपणे सांगतो की पाणी वरून खाली येतं, तेव्हा वर राहणाऱ्यानं खालच्याची काळजी घ्यायची असते.

इथं मी चित्रपट थांबवला होता. कारण अक्कलकुवा तालुक्याच्या उत्तर टोकाला हाच नियम उलटा झाला. नर्मदेच्या काठचं मणिबेली हे सरदार सरोवरात बुडणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. धरण खाली, गुजरातेत. आणि पाणी मात्र मागं सरकत, उतार चढत, वरच्या गावांत शिरलं. महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. वरच्यांनी खालच्यांची काळजी शेत देऊन, घर देऊन, देवाची जागा देऊन घेतली. खालच्यांनी वरच्यांची काय काळजी घ्यायची, हे 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात लिहिलेलं होतं: आधी जमिनीला जमीन, मग पाणी. प्रत्यक्षात पाणी कित्येकांच्या आधी पोचलं.

ताकुमी एकदा गाडीत कंपनीच्या त्या दोन माणसांना सांगतो, की तुमचे तंबू हरणांच्या वाटेवर येतात. कुंपण घातलं तर हरणं कुठं जातील? त्यांच्यातला ताकाहाशी म्हणतो, जातील कुठंतरी दुसरीकडं. ताकुमी काहीच बोलत नाही. हामागुचीही बोलत नाही, गाडी चालत राहते.

ताकाहाशी वाईट माणूस नाही. वरिष्ठांनी सांगितलेलं करणारा, मनानं साधा. धरणाच्या नकाशावर रेघ ओढणारेही बहुधा असेच असतील. घरी मुलांशी प्रेमानं वागणारे, 'कुठंतरी दुसरीकडं' या उत्तरावर रात्री शांत झोपणारे. मणिबेलीच्या काही कुटुंबांना गुजरातेत परवेट्याला नेलं. पुढं बुडितातल्या इतर गावांसाठी तळोद्याचं जंगल मोकळं करण्यात आलं. पण ते तरी रिकामं कुठं होतं? तिथंही कोणी नांगर धरत होतं, कोणाची गुरं चरत होती. दुसरीकडं म्हणजे नेहमी कोणाच्यातरी दारात. ताकुमीनं सभेत हेही प्रांजळपणे सांगितलेलं असतं, की महायुद्धानंतर इथं जमिनी मिळाल्या म्हणून आमचीही घरं इथं झाली, आम्हीही एका अर्थी बाहेरचेच. प्रश्न तोल राखण्याचा आहे.

ताकाहाशीला पुढं त्या गावाची ओढ लागते. एक ओंडका तो कसाबसा, शिकवल्यावर, फोडतो आणि त्याला वाटतं, इतकं बरं आपल्याला दहा वर्षांत वाटलं नाही. नोकरी सोडून इथंच राहावं, स्वतःला शोधावं. मला हा भाग सगळ्यांत अस्वस्थ करतो. अक्कलकुव्यातल्याच काठी गावच्या राजवाडी होळीला दरवर्षी बाहेरून माणसं येतात. मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे, अंगभर राखेची नक्षी ल्यालेले बुध्या रात्रभर नाचतात, पहाटे होळी पेटते. पाहणाऱ्याला आतून काहीतरी सापडल्यासारखं होतं आणि ते खोटंही नसतं. पण त्या बुध्यानं आधी व्रत पाळलेलं असतं. स्वतःला शोधायला तो नाचत नाही, नवस फेडायला आणि गावाचं भलं व्हावं म्हणून नाचतो. दुसऱ्याच्या रानात एका दुपारी सापडलेला 'मी' फार स्वस्तात मिळालेला असतो. त्याची किंमत कोणीतरी दुसरा भरतो.

चित्रपटाचा शेवट कोड्यात टाकतो. हाना हरवते. ती सापडते तेव्हा तिच्यासमोर गोळी लागलेलं हरण असतं, आणि ताकुमी अचानक ताकाहाशीचा गळा आवळतो. एरवी माणसापासून पळणारं हरण जखमी झालं, किंवा त्याचं पाडस जखमी झालं, तरच अंगावर येऊ शकतं, असं ताकुमीनंच सांगितलेलं असतं. मी ते दृश्य तसंच वाचतो. रानात दुष्टपणा नाही. जखम आहे, आणि जखम सरळ जाऊन जो जवळ असेल त्याला भिडते.

पण मणिबेलीत असं झालं नाही, आणि याचं मोल मला हामागुचीच्या चित्रपटापेक्षाही मोठं वाटतं. गोळी तर इथंही लागलेली होती. 1991 पासून पावसाळ्यामागून पावसाळे माणसं चढत्या पाण्याच्या काठी घर धरून बसली. अटका झाल्या, घरं मोडली गेली, तरी कोणाच्या गळ्याला हात गेला नाही. 1992 मध्ये धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं प्रकल्पातल्या पुनर्वसनाचे दोष उघड सांगितले, आणि 1993 च्या मार्चमध्ये भारतानं बँकेचं उरलेलं कर्ज नाकारलं. तरी धरण वाढतच गेलं. 2019 च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. दरम्यान 1992 मध्येच, बुडिताच्या तोंडाशी असलेल्या चिमलखेडीत, धरणाविरुद्धच्या आंदोलनानं जीवनशाळा सुरू केली होती. गाव राहील की नाही याची खात्री नसताना पोरं पाटी घेऊन बसत होती. पाणी वाढलं की शाळा वर सरकवायची आणि तास पुढं सुरू ठेवायचा.