रोहिणीचे पाणी

बुद्धाच्या गृहत्यागाची पाठ्यपुस्तकी कथा सर्वांना ठाऊक आहे. रथातून निघालेल्या राजपुत्राला एक वृद्ध दिसतो, एक रोगी दिसतो, एक प्रेत दिसते आणि अखेरीस एक संन्यासी. कथा म्हणून ती सुबक आहे, इतकी की तिच्या सुबकपणाचाच संशय यावा. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या १९५७ साली, लेखकाच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी ही कथा नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, हा त्यांचा आक्षेप. तो आक्षेप एखाद्या चोखंदळ कादंबरी-समीक्षकाचाही असू शकला असता.

नाकारलेल्या कथेच्या जागी त्यांनी जी कथा ठेवली, ती पाण्याची आहे. शाक्य आणि कोलीय यांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहते, दोघांचीही शेती तिच्यावर पोसते, आणि आधी पाणी कोणी घ्यायचे यावरून भांडण जुंपते. शाक्यांच्या संघात सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो; दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, अशी सूचना मांडतो. ती मोठ्या बहुमताने फेटाळली जाते. पुढे सैन्यात दाखल होण्यास तो नकार देतो, तेव्हा सेनापती त्याला बजावतो की देहान्ताला वा हद्दपारीला कोसलराजाची संमती लागेल, पण तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालायला आणि जमिनी जप्त करायला आम्हांला कोणाला विचारावे लागत नाही.

‘सामाजिक बहिष्कार’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडताच तो कपिलवस्तूत राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांना, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत ‘बहिष्कृत भारत’ या नावाचे पत्र काढणाऱ्या संपादकाला, तो शब्द कोशातून शोधावा लागला नव्हता. त्या तळ्याचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयातून अखेरचा हाती यायला १९३७ उजाडले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याची गरज महाराष्ट्राला २०१६ सालीही भासली. त्याच वर्षीच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. हा ग्रंथ वर्गात शिकवताना ‘समकालीनता’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अर्थात रोहिणीची कथा बाबासाहेबांनी कल्पनेतून निर्माण केलेली नाही. सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्ताच्या आधारे गृहत्यागाचे कारण या कलहाशी जोडण्याचा विचार त्यांच्याआधी धर्मानंद कोसंबींनी मांडला होता. ‘बोधिसत्त्व’ नाटकातही त्यांनी तो विषय घेतला. पाली अट्ठकथांत हा तंटा येतो तो मात्र बोधीनंतर, बुद्ध मध्यस्थी करतो असा. तिथला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. ज्येष्ठ महिन्यात पीक सुकू लागते, शेतावरचे मजूर पाण्यावरून हमरीतुमरीवर येतात आणि पाहता पाहता भांडण पाण्यावरून कुळावर घसरते. एकमेकांच्या वंशाची लक्तरे काढली जातात. शस्त्रे परजून उभ्या राहिलेल्या राजांना बुद्ध विचारतो, भांडण कशाचे? राजांना सांगता येत नाही. सेनापतीला ठाऊक नसते. विचारत विचारत उत्तर थेट खाली, दास आणि मजुरांपाशी सापडते: पाण्याचे. अब्रू नि वंश यांच्या नावाने निघालेल्या सेनेला आपले मूळ कारणच आठवत नसावे, हे निरीक्षण ज्या कोणा अट्ठकथाकाराने केले त्याला समाज कळत होता.

आमच्या वस्तीजवळच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, या ग्रंथाचे वाचन चालते. मी अधूनमधून जाऊन बसतो. साहित्याच्या प्राध्यापकाने ते पाहण्यासारखे आहे: ग्रंथ मराठी भाषांतरातून मोठ्याने वाचला जातो, मध्येच कोणी थांबवतो, शंका निघतात, कुकरच्या शिट्ट्या नि पोरांचा दंगा यांतून वाचन पुढे सरकते. ज्याला आपण परिसंवादात ‘वाचकाचा प्रतिसाद’ म्हणतो, तो तिथे चटईवर मांडी घालून बसलेला असतो.

२०१७ च्या वर्षावासात, ऑगस्टनंतर, म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांवर रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात आले. दूरचित्रवाणीवर ते लोंढे दिसत होते, आणि त्यांच्या बातमीला जोडून चीवरधारी भिक्खूंची द्वेषाने भरलेली भाषणेही. एका संध्याकाळी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एका मावशींनी वाचन थांबवून विचारले, ‘‘दादा, ते टीव्हीत दाखवतात ते खरेच भंते असतात का हो?’’ वाचन करणारे वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘‘चीवर नुसतं कापड असतं, ताई.’’ मावशींचे समाधान झाले नाही. ‘‘कापड असू द्या. पण त्यांच्या पात्रात भात कोण वाढतं?’’

हा प्रश्न मला कित्येक दिवस पुरला. एक तर राखाईन म्हणजे जुने आराकान, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे कुशीनाराचे भदन्त चंद्रमणी महास्थविर मूळचे आराकानचेच. विपश्यनाही महाराष्ट्रात आली ती मंडालेत जन्मलेल्या गोएंका गुरुजींबरोबर, ब्रह्मदेशातूनच. म्हणजे आपल्याकडील दोन्ही बौद्ध प्रवाहांचा एकेक धागा त्या भूमीशी बांधलेला आहे. तिथे जे घडले ते परक्याचे म्हणून बाजूला सारता येत नाही. ‘तो खरा बौद्धधर्मच नव्हे’ हे उत्तर फार सोयीचे आहे. हेच उत्तर इतर धर्मीय आपापल्या लाजिरवाण्या प्रसंगी देतात तेव्हा आपण ते स्वीकारत नाही.

दुसरे असे की त्याच देशात त्याच संघाने दहा वर्षांपूर्वी, सप्टेंबर २००७ मध्ये, लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरून आपली भिक्षापात्रे पालथी धरली होती. विनयात याला ‘पत्तनिकुज्जन’ म्हणतात: अमुकाचे दान आम्ही घेणार नाही, त्याला पुण्य मिळू देणार नाही. निःशस्त्र माणसाच्या हातातले हे केवढे शस्त्र! एकच पात्र २००७ साली सत्तेपुढे पालथे होते आणि पुढे दुबळ्यांविरुद्धच्या भाषणाशेजारी भरलेले राहते. व्हिएतनाममध्ये युद्धाच्या काळात थिक न्हात हान यांनी तरुणांना खेड्यांत शाळा आणि दवाखाने उभारायला धाडले आणि दोन्ही युद्धखोर बाजूंचा रोष ओढवून घेतला, तेही भिक्खूच. प्रास्ताविकातला बाबासाहेबांचा चौथा प्रश्न नेमका हाच आहे: भिक्खू घडवण्यात बुद्धाचा हेतू काय, स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष की लोकांचा सेवक? परिपूर्ण पण समाजाला निरुपयोगी माणसाविषयी त्यांना ममत्व नव्हते. मात्र समाजात उतरलेला भिक्खूच समाजाचा द्वेष पेटवू लागला तर काय, हा प्रश्न त्यांच्या त्या मांडणीत येत नाही. तो आपल्या वाट्याला आलेला आहे.

मावशींच्या प्रश्नाचा दुवा पुढे मला महावग्गात सापडला. कौशांबीच्या भिक्खूंत क्षुल्लक कारणावरून फूट पडली, खुद्द बुद्धाने समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा तो निघून गेला. मग कौशांबीच्या उपासकांनी ठरवले की या भिक्खूंना वंदन करायचे नाही, उठून उभे राहायचे नाही, भिक्षा वाढायची नाही. उपाशीपोटी शहाणपण आलेले भिक्खू श्रावस्तीला गेले आणि समेट झाला.

पुढच्या रविवारी मी हे विहारात सांगितले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे बायकांनीच ठरवलं असणार. भात तर त्याच शिजवायच्या ना, सर?’’ महावग्गात असा उल्लेख नाही, असे मी म्हणणार होतो. पण तेवढ्यात दादांनी चष्मा सारखा करून पुढचे पान उघडले होते.