साभार परत

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, एका साप्ताहिकाला पुस्तकाचं परीक्षण पाठवलंय. तीन आठवडे झाले, साधी पोचसुद्धा नाही. पुन्हा विचारू का? राग तर नाही ना येणार त्यांना?"

मी म्हटलं, "महिना होऊ दे, मग दोन ओळींची मेल टाक. तोवर तोच लेख दुसरीकडे पाठवू नकोस. आणि शेवटी पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत दिलीस ना?" दिली होती म्हणाली. पोरगी हुशार आहे. फोन ठेवला आणि मग वाटलं, तिला खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज इथे लिहिते आहे. नाहीतरी तुम्हा मंडळींपैकी निम्मे लिहिणारेच आहात.

मी १९७३ साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठीची शिक्षिका म्हणून लागले. गावच्या वाचनालयात 'साधना', 'माणूस', 'सत्यकथा' येत. 'साधना'विषयी आम्हा शिक्षकांना जरा जास्तच जवळीक. १५ ऑगस्ट १९४८ ला ती सुरू करणारे साने गुरुजी मुळात अमळनेरच्या शाळेतले मास्तर! या साप्ताहिकांची एक गंमत मला फार आवडे. एका पानावर कांद्याच्या भावाचा लेख, पुढच्या पानावर धरणग्रस्तांचा, आणि त्याला लागूनच एखाद्या कादंबरीचं परीक्षण. हे शेजार काय सांगतं, ते कळायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

लेख पाठवणं हा तेव्हा एक सोहळाच असे. फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे दोन बोटं समास. आधी कच्चं, मग पक्कं, मधे कार्बन. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. ते पाकीट म्हणजे आपणच आपल्या हाताने केलेली परतीची सोय. महिन्या-दोन महिन्यांनी पोस्टमन आला की आधी हाताकडे बघायचं. आपलंच अक्षर दिसलं की समजायचं, साभार परत. 'सत्यकथे'कडून परत आलेल्या लेखासोबत राम पटवर्धनांचं सूचना करणारं पत्र असलं, तर लोक ते छापून आल्यासारखं मिरवत. मला ते भाग्य लाभलं नाही. तिथे पाठवायचा धीरच झाला नाही कधी.

पुण्याच्या एका साप्ताहिकात मात्र माझे दोन-तीन लेख आले. पहिला १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बायकांवरचा. मानधनाची पंधरा रुपयांची मनीऑर्डर पोस्टमनने शिक्षक-खोलीत सगळ्यांसमोर दिली. त्या दिवशी मी किती वेळा पदर सारखा केला असेल, देव जाणे! मी स्वतःला लेखिका समजू लागले, ते तिथपासून.

मग आलं 'उपरा'. लक्ष्मण मान्यांचं हे आत्मकथन १९८० साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जिकडेतिकडे त्याचीच चर्चा. कैकाडी समाजाची भटकंती, त्यातून कसंबसं झालेलं शिक्षण, जातीबाहेर लग्न केल्यावर सोसावं लागलेलं सगळं. मी वाचलं, हलले, आणि परीक्षण लिहायला बसले. बाळ झोपल्यावर, रात्री दहानंतर. नऊ पानं झाली. त्यातली चार पानं भाषेवर होती. बोलीचा अतिरेक झाला आहे, प्रमाण भाषेचं भान सुटलं आहे, व्याकरणाच्या दृष्टीने असं आणि तसं. मराठीची बी. ए. ना मी! माझ्याकडे जे होतं ते मी काढून दाखवलं.

तीन आठवड्यांत माझंच पाकीट माझ्याकडे परत. आत संपादकांची चिठ्ठी. अजून पाठ आहे मला. लिहिलं होतं, "भाषेवर चार पाने, माणसांवर अर्धे. आपल्या वर्गात असे बोलणारी मुले असतील. त्यांच्याशी आपण कसे बोलता, हे आधी लिहून पाहावे."

इतका संताप आला म्हणून सांगू! मी यांच्याशी म्हटलं, "पुण्यात बसून मला शाळा शिकवतात!" हे नुसते हसले आणि म्हणाले, "मग लिही की."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटात निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा होता. त्यात एक वही न नेलेली. आठवीतला कैकाडी वस्तीवरचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नव्हता, आणि आलेला नाही हे मला हजेरीच्या कॅटलॉगवरूनच काय ते माहीत होतं. वही उघडली. 'माझी आई' हा निबंध. आय पहाटं उठून फोक सोलती, तिची बोटं चिरत्यात, मग ती मीठ-भाकर खाताना डाव्या हातानं खाती, उजव्याला मीठ झोंबतं म्हणून. असं काहीतरी. सव्वा पान.

आणि त्यावर माझी लाल शाई. 'आय'ला गोल, 'पहाटं'ला गोल, 'चिरत्यात'ला गोल. मी मोजले, एकतीस गोल. खाली दहापैकी तीन गुण आणि शेरा, 'शुद्धलेखन सुधारा.' मीठ झोंबणाऱ्या बोटांबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे मी ते वाचलंच नव्हतं. तपासलं होतं.

तो माझ्या लाल गोलांमुळे शाळा सोडून गेला असं मी म्हणत नाही. वस्तीवरचे लोक हंगामाप्रमाणे हलत, तसेच गेले असतील. पण तो शाळेतून जाताना माझ्याकडून काय घेऊन गेला, ते त्या वहीत लिहिलेलं होतं. दोन रविवार वस्तीच्या जागी जाऊन आले. चुलींचे दगड तेवढे होते. आजूबाजूला विचारलं, कुणी म्हणालं फलटणकडे, कुणी म्हणालं बार्शीकडे. तो पुन्हा कधी भेटला नाही.

परीक्षण मी नव्याने लिहिलं. सुरुवात त्या वहीपासून, मग पुस्तक. भाषेबद्दल एकच परिच्छेद ठेवला. या पुस्तकात जे सांगायचं आहे ते आपल्या शुद्ध मराठीत सांगता आलं असतं का, असा प्रश्न त्यात होता. शेवटी एक लांबलचक परिच्छेद क्षमायाचनेचा. तोही रडत रडत लिहिलेला.

जूनमध्ये छापून आलं. शेवटचा परिच्छेद गायब! सोबतच्या कार्डावर एकच ओळ, "माफी वाचकांकडे मागून उपयोग नाही, म्हणून काढली." या वेळी राग आला नाही.

त्यानंतर २००९ ला निवृत्त होईपर्यंत निबंध तपासताना दोन पेनं घेऊन बसत असे. आधी निळं. मुलाने काय सांगितलंय त्यावर एक ओळ लिहायची, आणि मगच लाल उघडायचं. वेळ दुप्पट लागे. सहकारी थट्टा करत, "बाई वह्या तपासतायत की पत्रव्यवहार करतायत?" व्याकरण मी शिकवलंच, कडक शिकवलं. ते मुलांच्या उपयोगाचं आहे. फक्त पहिली ओळ निळी.

आता त्या शेजाराचा अर्थ. ज्या अंकात धरणग्रस्तांचा लेख असतो, त्या अंकात परीक्षण लिहिणाऱ्यालाही बाजूच्या पानावरच्या माणसांकडे पाठ करून बसता येत नाही. पुस्तक कुणाचं आहे, आणि त्यासमोर आपण कुठे उभे आहोत, हे सांगावं लागतं. हे मला त्या एका परत आलेल्या पाकिटाने शिकवलं.

काल भाचीला पुन्हा फोन केला. म्हटलं, "तुझं परीक्षण मला पाठव. आणि आलं परत, तर आधी सोबतचं पत्र वाच, मग रुसून बस." तिने लगेच पाठवलं. चांगलं लिहिलंय. दोन ठिकाणी मात्र नुसतं तपासलंय. तेवढं निळ्या शाईने कळवलं आहे. म्हणजे मेलमध्ये अक्षरांचा रंग निळा करून! तो कसा करायचा हे नातवाने दाखवलं.

असो. तुमचं काही परत आलं असेल तर तेही जरूर लिहा. आलेलं तर सगळेच सांगतात.