नवव्या शब्दापर्यंत

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आमच्यात, म्हणजे बेने इस्राएल यहुद्यांत, मात्र दहा लागतात. तेरा वर्षं पुरी झालेले दहा पुरुष, म्हणजे मिन्यान. ते भरले की हेखालचा, म्हणजे पवित्र कपाटाचा, पडदा सारून सेफेर तोरा, तोरेची गुंडाळी, बाहेर काढायचा, प्रार्थना चालवणाऱ्या हझाननं पुकारायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, गेलेल्या माणसामागे कद्दिश म्हणायचं. नऊच असले तर यातलं काही होत नाही. प्रार्थना होते, पण ज्याची त्यानं. एका छपराखाली नऊ जण आपापलं पुटपुटतात, आणि बायकांच्या बाजूला आम्ही जेवढ्या असू तेवढ्या आपापलं.

हा दहाचा आकडा हल्ली माझी पाठ सोडत नाही. आणि तो डोक्यात आला की त्याच्या मागोमाग हटकून ती पाचाची म्हण येते. आईच्या तोंडी ती सारखी असायची. सोयरिकीची बोलणी असोत, मशिदीच्या वर्गणीवरून वादावादी असो (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो), ती म्हणायची, चार-पाच जणांना विचारा, पाचामुखी परमेश्वर. आईला हिब्रू म्हणून शेमाची प्रार्थना तेवढी पाठ होती. बाकी देवाशी ती मराठीतच बोलायची, आणि तिच्या त्या देवाला पाच पुरत असावेत.

हे पाच कोण, हे मी पूर्वी कधी मनाशी विचारलं नव्हतं. गावचे पंच, असं आपण धरून चालतो. पाराखाली बसून न्याय करणारे. आमचे पूर्वज अष्टागरात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्या पाचांत शनवार तेल्याला बसायला मिळत असेल का? मला वाटत नाही. म्हणजे पाचामुखी बोलणारा परमेश्वर आमच्या घराण्यातल्या कोणाच्या मुखातून फारसा बोलला नसणार, आणि तरीही ती म्हण आम्ही आपली मानून पिढ्यान् पिढ्या वापरली. पण आईच्या मनात पारावरचे पंच होते, असंही मला वाटत नाही. तिचे पाच वेगळे होते. मलिद्याच्या ताटात गोड पोह्यांभोवती ती पाच फळं मांडायची. घरच्या लग्नात हळद लावायला पाच सवाष्णी बोलवायची आणि चार आल्या तर पाचवीसाठी शेजारच्या आळीत पोर पिटाळायची. तिच्या पाचांत बायका होत्या. नुसत्या होत्या असं नाही, त्यांच्याशिवाय ते पाच भरतच नव्हते.

मग मी आमच्याच पोथ्यांत पाच शोधू लागले, आणि सापडले. ‘पिर्के आबोथ’मध्ये एक रब्बी म्हणतात की दहा जण बसून तोरेचा अभ्यास करत असतील तर शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य, त्यांच्यात असतं. मग ते स्वतःच विचारतात, पाच असले तरी असतं हे कशावरून? त्याला शास्त्रातला आधार देतात. मग तीन, मग दोन, आणि शेवटी एकटा माणूस बसला असला तरी. पायरी पायरीनं ते खाली उतरतात आणि देव प्रत्येक पायरीवर असतो. हे मी वाचलं तेव्हा आईची फार आठवण झाली. दोन हजार वर्षांपूर्वी गालीलातला कोणी माणूस पाचाला आधार शोधत बसला होता, आणि तिला तो आधार लागलाच नव्हता.

देव जर एकट्यापाशीही येतो, तर मग दहाचा आग्रह कुठून आला? याचं जे उत्तर आहे त्यानं मी चक्रावले. मोशेनं कनान देश हेरायला बारा माणसं पाठवली. यहोशवा आणि कालेब सोडून बाकीचे दहा भेदरून परत आले, तिथली माणसं राक्षसासारखी आहेत, आपला टिकाव लागायचा नाही म्हणाले, आणि सगळ्या लोकांचा धीर खचवला. देव त्यांच्यावर संतापला आणि त्यांना दुष्ट मंडळी म्हणाला. आता मंडळी म्हणजे किती, तर हे दहा. तिथून आमच्या पंडितांनी आकडा घेतला. पवित्र कामाला किती माणसं हवीत हे ठरलं ते कच खाल्लेल्या दहांवरून! यात काय दडलं असेल? कदाचित हेच, की माणसांची पत बघायची नाही. नऊ मोठे पंडित आले तरी मिन्यान होत नाही आणि अक्षरओळख नसलेले दहा आले तर होतं. हे मला मनापासून आवडतं. पण मग भित्रे चालतात, अडाणी चालतात, आणि आम्ही का चालत नाही, हा प्रश्न अधिकच टोचतो.

दुसराही एक दहा आहे. सदोम शहर वाचवण्यासाठी अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर शहर सोडशील का? त्यांत पाच कमी पडले तर? असं करत करत तो दहावर येतो आणि तिथे थांबतो. पाचावर का गेला नाही? भाष्यकार सांगतात, नोहाच्या तारवात आठ जण होते आणि त्या आठांच्या पुण्याईनं जग वाचलं नाही, म्हणून अब्राहामानं दहाच्या खाली मागितलं नाही. ते आठ कोण? नोहा, त्याचे तीन मुलगे आणि त्या चौघांच्या बायका. इथे बायका हिशेबात धरल्या आहेत. पुण्य कमी पडलं हे दाखवताना धरल्या आहेत, हे खरं, पण धरल्या आहेत.

मिन्यानची माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नसतात. दावीद राजानं शिरगणती केली आणि देशात मरी आली, ही गोष्ट आमच्या मनात खोल बसली आहे. आपल्याकडे पानावरच्या पोळ्या मोजू नयेत म्हणतात, त्याच जातीची ही धास्ती असेल. म्हणून हझान स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक वचन घेतात आणि एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणतात. वचन पुरं झालं तर मिन्यान झालं. एरवी कोणाच्या लक्षातही येऊ नये, इतक्या हलक्या आवाजात ते चालतं. एका शनिवारी वचन नवव्या शब्दावर थांबलं. एका मुलाची आई नुकतीच गेली होती. तिच्यासाठी कद्दिश म्हणायला तो आला होता, कागदावर मराठी अक्षरांत उतरवून घेतलेलं. त्यानं त्या कागदाची घडी केली, मग पुन्हा उघडली. बायकांच्या बाजूला तिच्या दोन बहिणी होत्या, तिच्याबरोबर वालाची बिरडी सोलत म्हातारी झालेली एक शेजारीण होती, मी होते. मान वर करून कोणी आमच्याकडे पाहिलंही असेल. पण वचनातला शब्द आमच्यापर्यंत येत नाही.

यात कोणाचा दोष नाही. नियम जुना आहे, आणि माणसं राहिली आहेत कुठे? १९४८ नंतर लोक बोटींनी, मग विमानांनी इस्राएलला गेले. रेवदंडा, बोर्लई, नांदगाव, मुरूड, म्हसळा, सगळीकडे मशिदी उभ्या आहेत आणि दहा जमवायला सण पाहावा लागतो.

पण त्या मशिदी तरी कधीच्या? आमची पहिली मशीद मुंबईत १७९६ साली सामुएल एझेकिएल दिवेकरांनी बांधली. अलिबागची मागेन आबोथ १८४८ची. त्याआधीची कित्येक शतकं आमचे लोक कोकणात गावोगाव पांगलेले होते, या गावात एक घर, त्या गावात दोन. सेफेर तोरा नाही, पुस्तकं नाहीत, हझान नाही. अशा गावात दहा पुरुष कुठून येणार? तरीही काहीतरी टिकलं. शेमा टिकला, सुंता टिकली, शनिवार टिकला. दारफाळणीचा सण टिकला, त्या दिवशी दारं लावून, उपास धरून घरात बसायचं. बिरड्याचा सण टिकला. यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा तो दुखवटा, पण कोकणात त्याला नाव मिळालं ते त्या दिवशी शिजणाऱ्या बिरड्याचं. यातलं किती मशिदीत टिकलं आणि किती चुलीपाशी, याचा विचार करू लागलं की मी दहाचा मूळ प्रश्न विसरूनच जाते.

दावीद राहाबीची गोष्ट आमच्यातल्या प्रत्येक मुलानं ऐकलेली असते. तो बाहेरून आला, हे तेली खरोखर यहुदी आहेत का याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्यानं तऱ्हेतऱ्हेचे मासे आणून घरातल्या बायकांना रांधायला दिले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला काढले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली. मला ते दृश्य फार जवळचं वाटतं, कारण आई मासा तसाच पारखायची. शेपटीकडून डोक्याकडे अंगठा उलटा फिरवायची. खवला अंगठ्याला अडला की मासा टोपलीत. कोळंबी, मुशी, शिंगाळा यांच्याकडे ती बघायचीही नाही, कोळीण कितीही आग्रह करो. तिला कोणत्याही पुस्तकानं हे शिकवलं नव्हतं.

पण त्या गोष्टीचा पुढचा भाग सांगताना आम्ही थबकत नाही, तिथे थबकायला हवं असं मला आता वाटतं. खात्री पटल्यावर राहाबीनं तिघांना शिकवायला घेतलं. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतले तीन पुरुष. त्यांना धर्म शिकवला, त्यांचे काजी झाले. परीक्षा दिली बायकांनी.

असंच पुन्हा एकदा झालं. इस्राएलमध्ये गेलेल्या आमच्या लोकांची लग्नं लावताना १९६२च्या सुमारास तिथल्या धर्मपीठानं आईकडच्या पिढ्या तपासायला सांगितल्या. आमचे लोक यरुशलेमला धरणं धरून बसले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी असल्याचं सांगितलं. तपासायच्या होत्या त्या आया आणि आज्या. यहुदीपण आईकडून येतं, आणि मिन्यानमध्ये आई नसते.

इतकं जमवल्यावर वाटतं, झालं, माझं म्हणणं सिद्ध झालं. पण मग आमच्यातले काळे इस्राएल आठवतात. बाप आमच्यातला आणि आई बाहेरची, अशा घरांना आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या दूर ठेवलं. त्यांच्याशी सोयरीक नाही, एका ताटात जेवण नाही. आणि ते अंतर सगळ्यांत काटेकोरपणे पाळलं ते घरातल्या बायकांनी, कारण ताटं आणि सोयरिकी त्यांच्याच हातात होत्या. खवले पारखणारा अंगठा माणसंही पारखत होता. तेव्हा मोजण्याचं काम बायकांकडे आलं की ते उदार होतं, असं काही मला म्हणता यायचं नाही.

१९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. बाई आमच्यातल्याच, पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, त्यांच्या हातून किती मुलं जन्मली असतील. त्यांनी उदारमतवादी पंथ इथे आणला, आणि जगात त्या पंथाच्या मंडळ्यांमध्ये आज बायकाही दहांत धरल्या जातात. म्हणजे वाट आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच एका बाईनं तिची सुरुवात करून दिली आहे. मी त्या वाटेनं का जात नाही, याचं मला नीट उत्तर देता येत नाही.

एक कारण पुन्हा पुन्हा समोर येतं. नऊ झाले की फोन सुरू होतात. शब्बाथला फोन करू नये, पण मागे गेलेल्याचं कद्दिश अडलं की कोणीतरी चपला घालून निघतं, कोणीतरी करतंच फोन. येतोस का, एक कमी आहे. आणि असा एखादा माणूस येतो की जो वर्षानुवर्षं मशिदीत फिरकलेला नसतो. भावाशी कोर्टकज्जा म्हणून, किंवा दारूमुळे लाज वाटते म्हणून. तो दारात येतो, कोणी त्याला काही विचारत नाही, डोक्यावर किप्पा ठेवतात आणि वचन पुरं होतं. त्या क्षणी तो नसेल तर काहीच नाही. जगात दुसरीकडे कुठे त्याची इतकी गरज असेल? आम्हा चौघींना धरलं असतं तर दहा केव्हाच भरले असते आणि त्याला कोणी बोलावलं नसतं. हे मनात आलं की माझा मुद्दा लुळा पडतो. मग पुन्हा वाटतं, त्या कागदाची घडी करणाऱ्या मुलाला हे सांगून बघ.

नवगावला समुद्राकाठी आमचं सगळ्यांत जुनं कबरस्तान आहे. आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, बुडालेल्यांना तिथे मूठमाती दिली, पुरुषांचा एक उंचवटा आणि बायकांचा दुसरा. वाचले ते सात पुरुष आणि सात बाया, त्यांच्यापासून आम्ही सगळे. सात पुरुष. दहाला तीन कमी. ती दोन मोठी थडगी उकरणारे, माती लोटणारे हात मात्र चौदा जणांचे असणार. त्या वेळी त्यांनी काय म्हटलं, कोणी म्हटलं, ते पुरेसं होतं का?

माझी भाची अश्दोदला असते. तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं, राहाबीचे मासे, नवगावचे सात, आईची म्हण. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, “मावशी, इथे माणसं मोजावीच लागत नाहीत गं, मशीद भरलेलीच असते.” तिच्याकडे हा प्रश्नच उरलेला नाही. त्याचं मला बरं वाटलं की वाईट, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.