अंगठा दाखवू नका!

लग्नाला चार वर्षं झाली की नवरा-बायकोच्या सुट्टीचे साधारण तीन प्रकार उरतात. पहिला, दोन्हीकडच्या आई-बाबांना घेऊन अष्टविनायक. दुसरा, मित्रांच्या ग्रुपबरोबर गोवा. आणि तिसरा म्हणजे 'आपण जरा निवांत बोलायला हवं' म्हणून काढलेली सुट्टी. ही तिसरी सगळ्यात महाग पडते. कारण तिच्यात बोलणं सोडून बाकी सगळं होतं!

आमची अंदमानची ट्रिप या तिसऱ्या प्रकारातली.

तो आयटीत, अमेरिकेच्या घड्याळावर चालणारा. मी फ्रीलान्सर, म्हणजे कुणाच्याच घड्याळावर न चालणारी. तो लॅपटॉप मिटून झोपायला येतो, तेव्हा माझा पहिला चहा गॅसवर असतो. पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये आम्ही सुखानं राहतो, पण एकमेकांना भेटतो ते मुख्यतः व्हॉट्सॲपवर. 'दूध संपलंय.' 'ईएमआय गेला.' 'सोसायटीची मीटिंग आहे, तू जा.' आणि या सगळ्याला एकच उत्तर, तो पिवळा अंगठा. टाइप करायची कटकट नाही, एका टचमध्ये संसार!

डिसेंबरात त्याला ऑफिसनं विचारलं, टोरांटोला जाणार का? दोन वर्षं. उत्तर द्यायला जानेवारीअखेरची मुदत. त्याच काळात माझी पुण्यातली कामं कुठे जरा बसायला लागली होती. दोन सदरं, एका साप्ताहिकाच्या मुलाखती. तिकडे मराठीत लिहिण्याचे पैसे मला कोण देणार? मी मेसेज केला, 'टोरांटोचं काय? जायचंय ना तुला?' पलीकडून उत्तर आलं... अंगठा!

आता वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'हो', हे शेंबडं पोरही सांगेल. मी फोन उलटा ठेवला आणि कामाला लागले. पुढचे तीन आठवडे या विषयावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. अंदमानचं बुकिंग मात्र आधीच झालेलं होतं, म्हणून निघालो.

चेन्नईमार्गे विमान उतरतं ते वीर सावरकर विमानतळावर. शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण आम्हाला भेटलेला प्रत्येक जण बोलताना 'पोर्ट ब्लेअर'च म्हणत होता. मराठी माणूस इथे आल्यावर पहिल्यांदा कुठे जातो, हे सांगायला नकोच. सेल्युलर जेलच्या दारात उभं राहिलात की नागपूर, सांगली, डोंबिवली असे सगळे सूर कानावर पडतात. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं हा तुरुंग बांधला जात होता. मधोमध एक मनोरा आणि त्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. त्यातल्या आज तीनच उरल्यात.

मला त्या कोठड्यांपेक्षाही अंगावर आली ती या बांधणीमागची कल्पना. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात. म्हणजे गजांतून बाहेर पाहिलं की समोर फक्त भिंत. दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये, कुणी कुणाशी बोलू नये, यासाठी केलेलं आर्किटेक्चर! सावरकर १९११ साली इथे आले, तेव्हा त्यांचे मोठे भाऊ बाबाराव याच तुरुंगात होते. दोघं सख्खे भाऊ एका आवारात, पण सुरुवातीचा बराच काळ त्यांची भेट होऊ दिली गेली नाही.

ते ऐकून नवरा हळूच म्हणाला, "एका बिल्डिंगीत राहून भेट नाही." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी जे सोसलं, त्याच्याशी आपल्या फुटकळ आयुष्याची तुलना करण्याचा प्रश्नच नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण तिथून निघताना बोलणं या गोष्टीची किंमत जरा वाढली होती, हेही खरं. त्यांच्या तोंडावर कुलूप घातलेलं होतं. आमच्या तर खिशात दोन-दोन सिमकार्डं होती.

दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉकला. २०१८ पासून या बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं इथे वसवली गेली, त्यामुळे टपरीवरच्या थाळीतही मोहरीच्या तेलातला मासा मिळतो. गंमत म्हणजे इथले बीच नंबरानं ओळखले जातात. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर... एकदम पीएमटीचा स्टॉप विचारल्यासारखं वाटतं! घड्याळ भारताचंच, पण बेट इतकं पूर्वेला की जानेवारीत सहाच्या आधीच संध्याकाळ आटोपते. रात्री दहाला जेवणाऱ्या मंडळींची इथे पंचाईत.

आणि मग ज्यासाठी आलो होतो ते स्नॉर्कलिंग.

इथे नवऱ्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. तो लातूरचा. २०१६च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवावं लागलं, ते लातूर. त्याच्या लेखी पाणी ही खेळायची गोष्ट नाहीच, ती पिंपात भरून ठेवायची गोष्ट आहे. त्याला पोहता येत नाही. मी मात्र सातारकडची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामानं विहिरीत ढकललेली, त्यामुळे आयुष्यभराची डेअरिंग! आदल्या रात्री सासूबाईंचा फोन आला, "फार आत जाऊ नका गं, त्याला सांभाळ." "हो आई," म्हणून मी जबाबदारी अंगावर घेतली.

हॅवलॉकच्या जेट्टीवरून छोटी बोट एलिफंट बीचला नेते. लाकूडतोडीच्या काळात या जंगलांत ओंडके ओढायला हत्ती होते. आता तिथे लाइफ जॅकेटांचे ढीग असतात. गाइडनं मास्क चढवला, तोंडात नळी दिली आणि आयुष्यातलं सगळ्यात सोपं लेक्चर दिलं, "सिर्फ मुँह से साँस लेना है. और कुछ नहीं करना है."

'काही नाही करायचं' हे किती कठीण असतं, ते पाण्यात कळतं. मला पोहायची सवय, म्हणून हात-पाय आपोआप चालायला लागले, श्वास नाकानं घेतला गेला, मास्कवर धुकं धरलं. "तैरनेवालों को ही टाइम लगता है, मॅडम," गाइड हसून म्हणाला. आणि आमचा लातूरकर? रबरी ट्यूबला धरून, तोंड पाण्यात घालून शांत तरंगत होता! हलायची हिंमतच नव्हती, त्यामुळे सगळं बरोबर जमलं.

पाचेक मिनिटांत मलाही लय सापडली. मग खाली जे दिसलं, ते टीव्हीवरच्या समुद्रापेक्षा वेगळं होतं, कारण त्याला आवाज होता. कुरुम कुरुम असा. पॅरटफिश नावाचा रंगीत मासा प्रवाळ चावत होता. तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो आणि पोटात गेलेला चुना बारीक वाळू करून बाहेर टाकतो. तेव्हा हनिमूनवाले ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूत बदामाच्या आकारात नावं लिहितात, तिच्यातली थोडी कुठून आली असेल ते समजून घ्या!

तेवढ्यात नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या आत डोळे चकाकत होते. त्यानं हात पुढे केला आणि अंगठा वर केला. झक्कास! पुढच्याच क्षणी गाइडनं त्याला जॅकेटला धरून वर काढलं.

"क्या हुआ सर? कुछ प्रॉब्लेम?"

"नाही हो! मस्त वाटतंय म्हणून सांगत होतो."

मग गाइडनं दोघांचा क्लास घेतला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे. अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. जगभरचे डायव्हर्स हीच खूण वापरतात, कारण खाली गैरसमज परवडत नाही.

पुढचा अर्धा तास आम्ही गोल करत फिरलो. शेवटी गाइडनं आम्हाला प्रवाळाच्या एका मोठ्या पट्ट्यावर नेलं. तिथला काही भाग तपकिरी, हिरवट, आणि काही हाडासारखा पांढरा. किनाऱ्यावर आल्यावर मी विचारलं, ते पांढरं सगळं मेलंय का?

त्यानं जे सांगितलं, ते शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर मी बायॉलॉजी सोडलं नसतं. मंगळवाल्यांच्या अंगठीतल्या पोवळ्याचे हे लांबचे नातेवाईक. दगड वाटतो, पण तो असंख्य चिमुकल्या जिवांचा संसार असतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. प्रवाळ त्याला जागा देतं आणि शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून मालकाला खाऊ घालतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा तापलं आणि बरेच दिवस तापलेलंच राहिलं की हे नातं बिनसतं, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. अंदमानात २०१० साली हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ मध्ये पुन्हा झालं.

"लेकिन सफेद मतलब मरा हुआ नहीं," तो म्हणाला. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, रंगही येतो. उशीर झाला तर मात्र उपासमारीनं मरतं. तेव्हा मंडळी, जाल तेव्हा त्यावर पाय ठेवू नका, हात लावू नका आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडाही आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. कायद्यानं तो गुन्हा आहे.

त्या संध्याकाळी आम्ही सात नंबरवर, म्हणजे राधानगर बीचवर बसलो होतो. २००४ साली 'टाइम' मासिकानं आशियातला सर्वोत्तम म्हटलेला हा किनारा. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून बेटावर इंटरनेट बरंच सुधारलंय म्हणतात. आमच्या फोनना मात्र त्या वाळूत एक काडीही दिसत नव्हती. सूर्य बुडत होता आणि लातूरकर पायाच्या बोटांनी वाळू उकरत होता.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तो अंगठा कसला होता?"

"सकाळचा? अगं, सांगितलं की, मस्त वाटत होतं..."

"सकाळचा नाही. डिसेंबरातला. टोरांटोचा."

तो जरा वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "तो? तो 'वाचलं, घरी आल्यावर बोलू' असा होता. घरी आलो तर तू काहीच विचारलं नाहीस. मला वाटलं, तुझं ठरलंय. मी जावं असं."

"मी कशाला ठरवू?"

"घराचे हप्ते आहेत ना. नाही म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, हा संधी सोडतोय."

म्हणजे ज्याला जायचं नव्हतं, तो माझ्यासाठी जाणार होता. आणि मी त्याला जायचंय म्हणून गप्प होते! तीन आठवडे आम्ही दोघं एकमेकांच्या नावानं एक असा निर्णय सांभाळत होतो, जो कुणाचाच नव्हता. आधी हसू आलं. मग जरा वेळ रडूही आलं. त्यानंतर मात्र जे बोलायला बसलो, ते किनारा रिकामा होऊन काळोख पडेपर्यंत. हप्ते किती उरलेत, माझ्या कामाचं वर्षाचं गणित काय, त्याच्या आई-बाबांची तब्येत, मूल कधी, मूल हवंय का... सगळं बाहेर आलं. काही वाक्यं गोड नव्हती. पण ती वाक्यं होती, खुणा नव्हत्या.

पुढचे दोन दिवस नीलला, म्हणजे शहीद द्वीपला गेलो. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर असं अख्खं रामायण एका छोट्याशा बेटावर. भाड्याच्या स्कूटरवरून ते सगळं पालथं घातलं. खरं सांगू? तिथलं साइट-सीइंग मला फारसं आठवत नाही. मागे बसून मारलेल्या गप्पा आठवतात.

परतल्यावर त्यानं ऑफिसला सरळ कळवलं, दोन वर्षं जमणार नाही, सहा महिने जमतील. दहा दिवस उत्तर आलं नाही. मग 'चालेल' आलं. सध्या त्याचा तिकडे चौथा महिना चालू आहे. मी इथेच आहे, माझी सदरं चालू आहेत, हप्ते जात आहेत. त्याची सकाळ ती माझी संध्याकाळ, त्यामुळे उलट आता रोज अर्धा तास ठरवून फोन होतो. त्याची आठवण येते का? सॉल्लिड येते. रविवारी तर घर खायला उठतं. पण हे दोघांनी मिळून ठरवलेलं आहे, त्यामुळे त्या एकटेपणात राग नाही.

जुन्या मराठीत 'अंगठा दाखवणं' म्हणजे चक्क नकार देणं. पाण्याखाली तोच अंगठा म्हणजे 'मला वर न्या', आणि मोबाइलवर म्हणजे काहीही! आमच्या घरात म्हणून सध्या अंगठ्याला बंदी आहे. दूध संपलं तरी पूर्ण वाक्य लिहायचं. टाइप करायला चार सेकंद जास्त लागतात. जाऊ देत.