यादी बिनचूक हवी, तर बिल्ड नंबर विचारा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे मायक्रोसॉफ्टनं बरंच आधी जाहीर केलं होतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘‘आपली किती मशीन बदलावी लागतील?’’ सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची लॅब, कार्यालय, ग्रंथालय आणि विज्ञान विभाग इथले संगणक मी सांभाळतो. हातानं यादी करता आली असती. पण कुणी नवं मशीन आणतं, कुणी जुन्यावर नवी विंडोज टाकतं आणि अशी यादी बघता बघता शिळी होते. विभागात आधीपासून एक पॉवरशेल स्क्रिप्ट होती. मशीन सुरू झालं की ती आपोआप चालायची, ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव शोधायची आणि सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये एक ओळ लिहायची. तीच वापरायचं ठरलं.

यादी बघून लॅब सांभाळणारी आमची सहायक म्हणाली, ‘‘सर, यात विंडोज ११ एकही नाही. आपल्या नव्या लॅबमधली मशीन तर ११ ची आहेत. टास्कबारवरची बटणं मधोमध येतात की!’’

आम्ही त्यातल्या एका मशीनची रजिस्ट्री उघडली. ‘प्रॉडक्टनेम’पुढे लिहिलं होतं ‘विंडोज १० प्रो’. त्याच खिडकीत ‘करंटव्हर्जन’पुढे ६.३, म्हणजे विंडोज ८.१ चा आकडा. आणि ‘करंटबिल्ड’पुढे २२६३१. एकाच मशीनची तीन उत्तरं, त्यातलं भरवशाचं फक्त तिसरं. विंडोज ११ चे बिल्ड २२००० पासून सुरू होतात. जुनी स्क्रिप्ट नाव वाचत होती, म्हणून नवीकोरी मशीनही ‘बदलायची’ या रकान्यात जाऊन बसली होती.

विंडोज स्वतःचं नाव चुकीचं का सांगते, असं तिनं विचारलं. याचं कारण जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. असंख्य प्रोग्रॅम सुरू होताना व्हर्जन तपासतात आणि अनोळखी आकडा दिसला की चालायचं नाकारतात. ते बंद पडू नयेत म्हणून सिस्टिम त्यांना ओळखीचा आकडा दाखवते. विंडोज ८.१ पासून, ज्या प्रोग्रॅमनं आपल्या मॅनिफेस्टमध्ये नव्या विंडोजचा उल्लेख केलेला नाही, त्याला ‘गेटव्हर्जनएक्स’ हे फंक्शन ६.२ हेच उत्तर देतं. विंडोज ११ चा अंतर्गत क्रमांकसुद्धा १०.० च आहे. अ‍ॅपलनंही हेच केलं. २०२० मध्ये आलेली बिग सर ही मॅकओएसची ११ वी आवृत्ती, पण जुन्या साधनांनी बनवलेल्या प्रोग्रॅमना ती १०.१६ असं सांगते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं व्हर्जन आडमुठेपणानं तपासलं, त्याची भरपाई ऑपरेटिंग सिस्टिम आजही करते आहे.

नवी स्क्रिप्ट लिहिताना मी तिला शेजारी बसवलं. डब्ल्यूएमआयमधल्या ‘विन३२ ऑपरेटिंगसिस्टिम’ या वर्गाकडून बिल्ड नंबर घ्यायचा, हे ठरलं होतं. मी म्हटलं, ‘‘अगं, आता ९६०० हा आकडा अवतरणचिन्हांत लिही आणि तो २२००० पेक्षा मोठा आहे का, विचार.’’ तिनं ओळ चालवली. उत्तर आलं, ‘ट्रू’. ती चकितच झाली. पण डब्ल्यूएमआय बिल्ड नंबर देतं तो मजकूर म्हणून, संख्या म्हणून नव्हे. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षरानं होते आणि ९ हा २ पेक्षा मोठा. म्हणजे ९६०० बिल्डचं विंडोज ८.१ आणि ७६०१ चं विंडोज ७ ही दोन्ही या हिशेबानं विंडोज ११ ठरतात! उपाय अगदी छोटा : तुलनेआधी तो मजकूर संख्येत बदलून घ्यायचा. १०.०.२२६३१ असा पूर्ण क्रमांक तपासायचा असेल तर पॉवरशेलमध्ये त्यासाठी ‘व्हर्जन’ नावाचा प्रकारच आहे. तो ठिपक्यांमधला प्रत्येक भाग संख्या म्हणून ताडून बघतो.

मग प्रश्न आला भौतिकशास्त्र विभागाचा. तिथल्या एका जुन्या उपकरणाचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं. विंडोज ७ सोबत पॉवरशेल २.० येतं आणि ‘गेट-सिमइन्स्टन्स’ ही कमांड आली ३.० मध्ये. नवी कमांड वापरली असती तर त्या मशीनवर स्क्रिप्ट अडली असती आणि यादीत त्याची ओळच आली नसती. चुकलेली ओळ निदान कुणाच्या तरी नजरेला पडते; न आलेली ओळ कुणाला दिसणार? म्हणून ‘गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट’ ही जुनी कमांड ठेवली. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्येही ती चालते.

सर्व्हरचं वेगळंच. विंडोज सर्व्हर २०२५ आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती, दोन्हींचा बिल्ड २६१००. तिथे ‘प्रॉडक्टटाइप’ बघावा लागतो : साध्या संगणकाला १, डोमेन कंट्रोलरला २, इतर सर्व्हरला ३.

शेवटी एक शाखा जोडली. यापैकी कशातच न बसणारं मशीन आलं, तर अंदाज न करता ‘अनोळखी’ असं लिहायचं आणि बिल्ड नंबर जसाच्या तसा नोंदवायचा. माझ्या मते स्क्रिप्टमधली सगळ्यांत मोलाची ओळ हीच. आपण लिहितो तेव्हा पुढची विंडोज आलेली नसते, पण स्क्रिप्ट मात्र ती आल्यावरही चालतच राहते.

नवी यादी आली तेव्हा नवी लॅब तिच्या योग्य रकान्यात होती. त्या मशीनवर विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे दुसऱ्यांदा खर्च होणार नव्हते. ते पैसे खरोखर जुन्या झालेल्या मशीनसाठी मागता आले.

शाळा, पतसंस्था, दवाखाने, ग्रामपंचायती इथले संगणक सांभाळणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. अशी स्क्रिप्ट तुमच्याकडेही असेल. आज ती एकदा उघडून बघा. ती सिस्टिमचं नाव वाचत असेल, तर बिल्ड नंबर वाचायला लावा. बिल्ड नंबरची तुलना संख्या म्हणून करा. आणि ती चालवाल तेव्हा ताफ्यातल्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत नव्या मशीनवर आधी चालवून बघा.